पाठमोरी येसाक्का

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण ज्यांना नक्की ठाऊक होतं ते गेले, आणि जे आहेत ते आपापल्या सोयीने सांगतात. एवढं खरं, की तेव्हा हिंगणमाळच्या वेशीला अजून लाकडी दारं होती आणि पलीकडच्या दऱ्यात लांडगे होते.

हिंगणमाळ म्हणजे खडकाळ माळावरचं गाव. एका अंगाला टेकडीवर खंडोबाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला नदी, आणि देवळाकडून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर मधोमध गावाची वेस. वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेला, देव त्या वाटेने अंघोळीला जायचा. इतर गावांचे देव पालखीतून जातात. हिंगणमाळचा देव घोड्यावरून जायचा. पांढऱ्या घोड्याच्या पाठीवर गादी घालायची, गादीवर देवाचा मुखवटा बांधायचा, आणि घोडं आपल्या पायाने नदीत उतरून गुडघाभर पाण्यात उभं राहिलं, की देवाची अंघोळ झाली. मग गावातल्या लग्नांना हळद लागायची. घोडं पाण्यात उतरलं नाही, तर त्या वर्षी गावात लग्न नाही. रीत म्हणजे रीत.

त्या गावाच्या कडेला, माळावर, येसाक्का नावाची धनगरीण राहायची. एके काळी तिचं बिऱ्हाड मेंढरांमागे गावोगाव हिंडलेलं. नवरा गेल्यावर आणि पाय थकल्यावर ती इथे थांबली. थोडी मेंढरं, लोकर कातायची चाती, ओझ्याची एक म्हातारी घोडी आणि आवाज, एवढी तिची इस्टेट. आवाज तर असा, की पलीकडच्या टेकडीवर चुकलेलं मेंढरू तिच्या एका हाळीने मागे फिरायचं. माणसंही फिरायची, पण ती भीतीने. भांडणात येसाक्काला आजवर कुणी हरवलं नव्हतं. ती शेवटचा शब्द स्वतःचा केल्याशिवाय पाणी पीत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी तिच्या मेंढरांत रोग शिरला. रोज सकाळी एखादं आडवं झालेलं दिसायचं. तेव्हा ती टेकडीकडे तोंड करून देवाला नवस बोलली, की बाबा, माझी मेंढरं वाचव, माझ्या घोडीला होईल ते शिंगरू तुझं. मेंढरं निम्मी वाचली. पण नवस काही निम्मा फेडता येत नाही. घोडीला शिंगरू झालं, मादी, आणि ते जन्मतःच दुधासारखं पांढरं होतं, असं म्हणतात. घोड्यांतले जाणकार म्हणतात तसं नसतं, पांढरी घोडी लहानपणी काळपटच असते. ते जाऊ द्या. येसाक्काने तिचं नाव भिंगरी ठेवलं, कारण ती एका जागी ठरायची नाही.

भिंगरीची आई लवकरच गेली. मग येसाक्कानेच तिला वाढवलं, मेंढीचं दूध पाजून. भिंगरी तिच्या तळहातावरचं मीठ चाटायची, चुलीपाशी येऊन उभी राहायची आणि येसाक्का कुणाशी भांडत असली तर मधे तोंड घालायची. ती अंगाने भरली त्याच सुमारास देवाचं जुनं घोडं म्हातारपणाने मेलं, आणि गावाला नवसाची आठवण झाली. येसाक्का रडली, पण मागे सरली नाही. भिंगरीला नदीवर धुऊन, कपाळाला भंडारा लावून, तिने स्वतः तिची काढणी, म्हणजे गळ्यातला दोर, धरून तिला जत्रेत नेलं.

आता हिंगणमाळची चूक ऐका. अशी चूक दुसऱ्या कुठल्या गावाने केली नसती.

वेशीपाशी ढोल वाजत होते, हलग्या कडकडत होत्या, लोक मुठीमुठीने भंडारा उधळत होते, आणि वेशीच्या कमानीत तो आवाज दुप्पट होत होता. माळावर वाढलेल्या भिंगरीने एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. तिच्या डोळ्यांत हळद गेली. कातडी थरथरली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तोंडाला फेस आला. आणि गुरव ओरडला, "वारं आलं! देवाचं वारं आलं घोडीच्या अंगात!"

कारण माणसाच्या अंगात देव येतो तेव्हा माणूस असंच थरथरतं, हे गावाला माहीत होतं. आणि वारं आलं की काय करायचं हेही माहीत होतं. ढोल आणखी जोरात वाजवायचे, भंडारा आणखी उधळायचा, पायांवर पडायचं. त्यांनी तेच केलं. घोडी जितकी थरथरली तितका गजर वाढला, आणि गजर जितका वाढला तितकी घोडी थरथरली.

येसाक्कालाही तेच वाटलं. आपण दूध पाजलेल्या जनावरात देव आला, या आनंदाने तिचे डोळे भरून आले. घोडी बुजू नये म्हणून तिने काढणी हनुवटीखाली आवळून धरली. भिंगरीने एकदा तिच्याकडे पाहिलं. येसाक्का देवाच्या मुखवट्याकडे बघत होती.

ओढत, ढकलत त्यांनी घोडीला नदीत उतरवलं. लग्नांना हळद लागली. देवाला दिलेलं पुन्हा आपलं म्हणायचं नाही, अशी रीत असल्यामुळे येसाक्का पुन्हा तिला भेटायला गेली नाही. भिंगरी टेकडीवरच्या पागेत राहू लागली. तिला सांभाळायला हैबती नावाचा चाबूकस्वार होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला घोडं वठणीवर आणायची एकच तऱ्हा ठाऊक होती, ती म्हणजे दोर. पुढल्या जत्रेला त्याने दोन्ही बाजूंनी दोर बांधून घोडी नेली. त्याच्या पुढल्या जत्रेला वेशीच्या कमानीत घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. दोर तुटले. हैबती दगडावर आपटला आणि त्याचा खांदा निखळला. देवाचा मुखवटा धुळीत पडला, आणि भिंगरी माळावर पळून गेली ती संध्याकाळी बोरीच्या काट्यांत अडकलेली सापडली.

त्या वर्षी हिंगणमाळात एकही लग्न झालं नाही. पाटलांची मुलगी सकवार, तिचं ठरलेलं लग्नही राहिलं. पंच बसले आणि म्हणाले, देवाने घोडी टाकली. देवाचं जनावर विकता येत नाही, मारता येत नाही, कामाला जुंपता येत नाही. मग ठरलं, की तिला लांडग्यांच्या दऱ्यात सोडून द्यायचं, पुढे तिचं नशीब.

हे कानावर आलं तशी येसाक्का चाती हातात घेऊनच चावडीवर आली.

"माज्या घोडीला लांडग्याच्या तोंडी द्यायला निघालाय व्हय?"

"आता ती तुजी कुटं ऱ्हायली, आक्का?" पाटील म्हणाले. "देवाला दिलीस न्हवं?"

"देवाला दिली. लांडग्याला न्हाय दिली!"

पाटील मुलीच्या लग्नापायी जळत होते, पण न्यायाला पक्के होते. ते म्हणाले, "घिऊन जा. फुडल्या जत्रंला घोडी पान्यात उतरली तर देवाची. न्हाय उतरली, तर म्या सोता तिला दऱ्यात सोडून यीन. मग माज्यासंगं भांडायचं न्हाय."

"न्हाय भांडनार," येसाक्का म्हणाली, आणि तिच्या तोंडून हे शब्द ऐकून चावडीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

तिने माळावर वाघर लावली. वाघर म्हणजे धनगर लोक रात्री मेंढरांभोवती गोल लावतात ती जाळी. त्या गोलात भिंगरीला आणून सोडलं, दोर काढून टाकले आणि येसाक्का मनात म्हणाली, आता बघा, माझी लेक कशी मला ओळखते ते. तिने तळहातावर मीठ घेतलं आणि हाळी दिली, "भिंगरेऽऽ!"

भिंगरी उधळली. जाळीच्या कडेकडेने गोल गोल धावू लागली. येसाक्का तिच्या मागे, हातात मीठ, तोंडात लाडाचे शब्द. थोड्या वेळाने लाडाचे शब्द संपले आणि दुसरे सुरू झाले. तिने घोडीवर केलेले उपकार काढले, दूध काढलं, तिच्या आईचं नाव काढलं. शेवटी चिडून तिने हात वर केला. मारायला नाही, नुसता वर केला.

आणि घोडी जागच्या जागी थरथरायला लागली. तीच कातडी, तेच डोळे, तोच फेस.

येसाक्काचा हात वरच राहिला. इथे ढोल नव्हता, भंडारा नव्हता, देवाचा मुखवटा टेकडीवर होता. माळावर ती आणि घोडी दोघीच होत्या. मग हे वारं आलं कुठून? तिला वेशीतला तो दिवस आठवला, हनुवटीखाली आवळलेली काढणी आठवली, आणि घोडीने एकदा आपल्याकडे पाहिलं होतं ते आठवलं. हे वारं नव्हतं. पहिल्या दिवसापासून नव्हतं. ही भीती होती, आणि आज ती येसाक्काच्याच हाताची होती.

तिला घोडीला तोंड दाखवावंसं वाटेना. ती वळली, घोडीकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि रडली. पण धनगरणीचे हात रिकामे राहत नाहीत. रडता रडता तिने कमरेची चाती काढली आणि लोकर कातायला लागली. चाती फिरत राहिली, सूत निघत राहिलं, तोंडातून शब्द निघाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा येसाक्का इतका वेळ गप्प बसली होती.

मागे खुरांचा आवाज थांबला. मग एक पाऊल वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. आणि येसाक्काच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला.

इथे शहाणं माणूस गप्प बसलं असतं. येसाक्का ताडकन उठली आणि ओरडली, "आलीस गं माजी बाय!"

घोडी जाळी ओलांडून पार ओढ्यापर्यंत गेली, असं म्हणतात. येसाक्काने मागे जाऊन तिला पकडून आणलं नाही. ती पुन्हा पाठ करून बसली, स्वतःच्या जिभेला शिव्या देत, पण मनातल्या मनात. सांज व्हायच्या आत घोडी आपणहून परत आली.

त्या दिवसापासून येसाक्का घोडीकडे शिकायला लागली. हो, घोडीकडेच. घोडी शिकवायची आणि ही शिकायची, असंच सगळे सांगतात. रोज ती वाघरीत जायची ती तिरकी, सरळ घोडीच्या अंगावर नाही. डोळ्यांत डोळे घालायची नाही. घोडीने कान टवकारले की थांबायची, आणि घोडीने मान खाली घालून जीभ तोंडात फिरवली, ओठ चावले, की समजायची की आता हिचं मन जागेवर आलं. मग एक पाऊल पुढे टाकायची, आणि घोडीला नको वाटायच्या आत स्वतःच मागे सरायची. आपण मागे सरलो की घोडी पुढे येते, हे तिला तेव्हा कळलं. भांडणात ती कधी मागे सरलीच नव्हती, मग कळणार कुठून?

पुढे तिने आपल्या हाताने कातलेल्या लोकरीची काढणी वळली. मऊ, जाड, हातात धरली तरी ताणायची नाही अशी. ती आधी घोडीला हुंगू दिली. मग खांद्यावर टाकली आणि काढली, पाठीवर टाकली आणि काढली, पोटाखालून, पायांवरून. घोडी बिचकली तर काढणी तिथेच थांबवायची. बिचकणं थांबलं, की त्याच क्षणी काढून घ्यायची, म्हणजे घोडीला उमगायचं की उभं राहिलं तर हे जातं. गळ्यात बांधल्यावरही दोर ताणला गेला, की आधी येसाक्काचा हात सैल व्हायचा. बोटभर ओढ, घोडीने अर्धं पाऊल दिलं की सगळी ढील. काही दिवसांनी ओढायची गरजच उरली नाही. येसाक्का चालली की घोडी चालायची, थांबली की थांबायची, वळली की वळायची, आणि त्या दोघींच्या मधला दोर जमिनीला टेकलेला असायचा.

भंडाऱ्याचं काय करायचं, हा पेच होता. तिने तो आधी स्वतःच्या कपाळाला लावला आणि तशीच वावरली. मग अंगाला लावला. मग मिठात चिमूटभर मिसळून तळहातावर धरला. भिंगरी आधी फुरफुरली, मग चाटून गेली. पुढे पुढे तर येसाक्का इतकी पिवळी दिसायची, की वाटेने जाणारे म्हणायचे, म्हातारीचं लग्न आहे वाटतं.

हे सगळं हैबती लांबून बघत होता. त्याचा खांदा बसवला होता, पण तो हात वर जायचा नाही, आणि हात वर न जाणाऱ्या चाबूकस्वाराला कुणी कामाला बोलवत नव्हतं. तो आधी हसायला आला. मग नुसताच येऊ लागला. एक दिवस वाघरीबाहेर बसून म्हणाला, "आक्का, हितं माळावर ती चालंल. येशीत ढोल वाजला, की पुन्यांदा त्येच व्हनार."

"मंग तू वाजव."

"म्या? माजा एकच हात चालतोय."

"एकाच हातानं वाजीव. माजी घोडी बी अजून अर्दीच शानी झालीया."

हैबतीने हलगी आणली. दूर, ओढ्याच्या काठी बसून तो एका बोटाने वाजवायचा. घोडीने मान वर केली की बोट थांबवायचा, खाली घातली की पुन्हा सुरू. दिवस गेले तसा तो जवळ येत गेला, बोटाचा हात झाला, हाताची काठी झाली. ज्या घोडीने त्याचा खांदा निखळवला, तीच घोडी एक दिवस हलगीशेजारी उभी राहून झोपी गेली. हैबतीने हलगी बाजूला ठेवून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. येसाक्काला त्याला चिडवायचं होतं, पण गप्प बसायची सवय आता अंगी मुरली होती.

जत्रा जवळ आली तशी ती पुन्हा चावडीवर गेली आणि म्हणाली, की यंदा ढोल थोडे हळू वाजवा, भंडारा घोडीच्या डोळ्यांत उधळू नका. गुरव संतापला. "मुका देव कदी कुनी अंगूळीला नेला का? गजर झालाच पायजे." पंचांनी मान डोलावली. पाटलांची सकवार दाराआडून ऐकत होती.

जत्रेच्या दिवशी भिंगरी टेकडीवरून उतरली ती बघत राहावी अशी. पाठीवर लाल गादी, गादीवर देव, आणि येसाक्काच्या हातात सैल काढणी. ढोल वाजत होते, आणि घोडीचे कान येसाक्काकडे होते. पाटील बघत होते. गुरवही बघत होता, पण त्याच्या हिशेबी काहीतरी चुकत होतं, कारण घोडी थरथरत नव्हती.

मग वेस आली. कमानीखाली सगळे ढोल एकदम घुमले. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून माणसांनी भंडाऱ्याच्या मुठी सोडल्या. इथेच दोर तुटले होते, इथेच ती उभी ठाकली होती, आणि घोडी जागा विसरत नाही. भिंगरी थांबली. तिची कातडी थरथरली.

"वारं आलं!" गुरव आनंदाने ओरडला. "वाजवा रे, वाजवा!"

येसाक्काला दरा दिसला. लांडगे दिसले. सगळं अंग सांगत होतं की काढणी आवळून धर. ओरड, सगळ्यांना गप्प कर, तुझा आवाज या ढोलांना भारी आहे. तिचा हात दोरावर घट्ट झाला. घोडीने तिच्याकडे पाहिलं, पहिल्या जत्रेला पाहिलं होतं तसंच. या वेळी येसाक्का तिच्याकडेच बघत होती.

तिने मूठ उघडली. काढणी खाली पडली. मग ती वळली, देवाच्या घोडीकडे पाठ केली, वाटेच्या मधोमध मांडी घालून बसली आणि कमरेची चाती काढून लोकर कातू लागली.

देवाला पाठ दाखवायची, तीही जत्रेत, तीही वेशीत! ढोलकऱ्यांचे हात हवेतच राहिले. कुणीतरी किंचाळलं. गुरव धावत पुढे आला, "आक्के, देवाला पाट दावतीस? लाज हाय का न्हाय?"

येसाक्काने उत्तर दिलं नाही. आता बघा, ही बाई उत्तर देत नाही, हेच गावाने कधी पाहिलं नव्हतं. त्या गप्प बसण्याला गाव जेवढं घाबरलं, तेवढं तिच्या आवाजालाही कधी घाबरलं नव्हतं. सगळीकडे चिडीचूप झालं. नुसती चाती फिरत होती.

मग हैबतीने गळ्यातली हलगी काढून खाली ठेवली आणि तोही पाठ करून उभा राहिला. त्याच्यानंतर पाटलांची सकवार वळली. तिच्या पाठोपाठ लग्नं राहिलेल्या सगळ्या मुली वळल्या, मग त्यांच्या आया, मग ढोलकरी, मग ओट्यांवरची माणसं. गुरवाने आधी देवाला हात जोडले, क्षमा मागितली आणि मग वळला. शेवटी एकटे पाटील उरले. पाटलांनी आजवर कुणाला पाठ दाखवली नव्हती. पण घोडी आता फक्त त्यांच्याकडे बघून थरथरत होती, आणि ते त्यांना दिसत होतं. देवाचं वारं पाटलांकडे बघून कशाला येईल? त्यांनी पागोटं सावरलं आणि हळूच वळले.

पुढे काय झालं ते कुणी पाहिलेलं नाही. पाहणार कोण, सगळ्यांच्या पाठी होत्या! म्हणून तर जो तो निराळं सांगतो. त्यांनी ऐकलं एवढंच. एक दीर्घ सुस्कारा, घोडं अंग सैल सोडतं तेव्हा टाकतं तसा. मग धोंड्यांवर एकेक पाऊल. येसाक्काच्या खांद्यावर ऊन श्वास आला आणि मऊ नाकपुड्या टेकल्या. ती उठली, मागे न बघता नदीकडे चालू लागली, आणि मागून चार पायांचा आवाज तिच्या पायांच्या तालात येत राहिला. ना दोर, ना हाक. जाताना घोडी प्रत्येकाच्या खांद्याला तोंड लावून गेली, असं म्हणतात. वेशीत उभ्या असलेल्या एकूण एक माणसाने मरेपर्यंत शपथेवर सांगितलं, की माझ्या खांद्याला लावलं. एवढ्या माणसांना ती कशी पुरली, ते देवाला ठाऊक.

पाणी वाजलं तेव्हा गावाने वळून पाहिलं. भिंगरी गुडघाभर पाण्यात उभी होती, पाठीवर देव, आणि तिच्या मानेत तोंड खुपसून येसाक्का. मग घोडीने अंग झाडलं. आणि तिच्या आयाळीतून असा भंडारा उडाला, असा उडाला, की नदी या काठापासून त्या काठापर्यंत पिवळी झाली. ते पाणी संगमापर्यंत पिवळंच वाहत गेलं, आणि खालच्या गावांच्या बायांनी त्याच पाण्याने त्या वर्षी नवऱ्यामुलींना हळद लावली, असं म्हणतात.

हिंगणमाळात त्या चैत्रात लग्नांची नुसती झुंबड उडाली. सकवारच्या लग्नात येसाक्का भरपूर बोलली, वर्षभराचं साठलेलं सगळं. भिंगरी पागेत परत गेली नाही. देवाची घोडी माळावर राहील, असं पाटलांनी स्वतः सांगितलं. हैबती पुन्हा घोडी शिकवू लागला, एका हाताने आणि बिनचाबकाने, आणि लांबलांबची माणसं त्याच्याकडे बुजरी घोडी घेऊन येऊ लागली.

येसाक्का कधी गेली, कशी गेली, हे कुणाला नक्की माहीत नाही. एका सकाळी माळावर ती नव्हती आणि घोडीही नव्हती. वाघर उघडी होती, आणि ओल्या मातीत पावलं उमटली होती. पुढे माणसाची, मागे घोडीची. माग काढायला निघालेली माणसं थोड्या अंतरावर थांबली आणि परत आली. मागे लागून कुणी येत नसतं, एवढं गाव तोवर शिकलं होतं.

वेशीपाशी आजही येसाक्काचा धोंडा आहे. कुणी घडवला ठाऊक नाही. पदर घेतलेली, मांडी घातलेली बाई, नदीकडे तोंड करून बसलेली. तिचं तोंड मात्र कोरलेलं नाही, नुसती पाठ. लाकडी दारं गेली, पण जत्रेला देवाचं घोडं वेशीत आलं, की अजून सगळे ढोल थांबतात आणि सगळं गाव घोड्याकडे पाठ करतं. बाहेरगावचे पाहुणे रागावतात, हा काय अपमान म्हणतात. त्यांनाही खांदे धरून हळूच वळवतात. खुरं धोंड्यांवर वाजत नदीकडे जातात, पाणी वाजतं, आणि मग गजर होतो.

आणि नवी सून गावात आली, की हिंगणमाळात तिला घरात ओढून नेत नाहीत, हात धरून माप ओलांडायला लावत नाहीत. उंबऱ्याच्या आत सासू तिच्याकडे पाठ करून बसते, हातात थोडी लोकर घेऊन, आणि घरातली सगळी माणसं गप्प राहतात. पोर दारात उभी असते, माहेर सोडून आलेली, कापत असते. तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागतो. कधी दिवे लागायची वेळ होते. मग केव्हातरी सासूच्या खांद्यावर एक हात येतो.

घरात जाण्याआधी ती सून वेशीतल्या धोंड्याच्या खांद्यालाही हात लावून आलेली असते. त्या धोंड्याचा उजवा खांदा इतक्या हातांनी गुळगुळीत झाला आहे, की तिथे भंडारासुद्धा ठरत नाही.